नदी उतरणाऱ्यांची भिंत

कोणावर विसंबून राहू नये, हे ज्ञान मनुष्याला विसंबून राहिल्यानंतरच प्राप्त होते, असा जगाचा अनुभव आहे. शनिवारी सकाळी साडेदहा वाजता द्राक्षमळ्याच्या उतारावर साडूच्या पाठोपाठ चालणाऱ्या गवंड्याला तो अनुभव अद्याप यावयाचा होता; तथापि त्याची चाहूल त्याला केव्हाच लागलेली होती. त्याच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात दोन तिकिटे होती. तिकिटांवर दुपारी चार ही वेळ छापलेली होती आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत असेही छापलेले होते की, उशिरा येणाऱ्यास कोणत्याही सबबीवर आत सोडले जाणार नाही.

ती तिकिटे ज्या शहराची होती ते शहर मळ्यापासून तासाभराच्या अंतरावर होते. जुन्या चित्रांचे आणि पुतळ्यांचे शहर म्हणून त्याची ख्याती होती. दूरदूरची माणसे तेथे येत, दिवसभर माना वर करून हिंडत आणि अवघडलेल्या माना घेऊन परत जात. गवंड्याला मात्र चित्रांचे फारसे अगत्य नव्हते. त्याला भिंत पाहावयाची होती.

याचे कारण थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. हा गवंडी चुन्याचा गिलावा करणारा. सिमेंटचे राज्य आल्यापासून या विद्येला कोणी विचारीत नसे आणि त्याच्या बरोबरीचे कारागीर एकेक करून सिमेंटला शरण गेले होते. अशा काळात गावच्या वाचनालयाच्या समितीने सभागृहाची बावीस हात लांबीची भिंत चुन्यात करावयाचे काम त्याला दिले. त्याने ते जीव ओतून केले. आता चुन्याचा गिलावा काही एका दिवसात पुरा होत नाही. आज जेथे हात थांबतो तेथे कड राहते आणि उद्याचा थर त्या कडेला येऊन मिळतो. या मिळणीला सांधा म्हणतात. आठ महिन्यांनी नेमक्या त्या सांध्यावरच, ऐन मध्यभागी, भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला.

इंजिनिअर आला, त्याने चष्मा कपाळावर चढवून तडा पाहिला आणि निकाल दिला. "चुन्याचं काम असंच. सांधा म्हणजेच दोष. सगळी भिंत खरवडा आणि सिमेंट मारा."

तेव्हा समितीच्या बैठकीत गवंडी उभा राहिला. आयुष्यात प्रथमच तो चार लोकांपुढे बोलत होता. वाचनालयातल्याच एका जाड पुस्तकात त्याने त्या शहरातील भिंतीविषयी वाचले होते, तेवढ्या बळावर तो म्हणाला, "चारशे वर्षांची भिंत आहे ती. चुन्याचीच. चित्रकार रोज जेवढा ओला चुना रंगवून होईल तेवढाच लावायचा. म्हणजे तिच्यात सांधेच सांधे आहेत. सांधा दोष असता तर ती केव्हाच पडली असती."

"तुम्ही पाहिलीत?" अध्यक्षांनी विचारले.

"नाही."

"मग आधी बघून या. सोमवारी दहाला बैठक आहे. तोवर भिंतीला कोणी हात लावणार नाही."

एवढीच काय ती गोष्ट होती. सोमवारी त्याला 'बघून आलो' असे म्हणावयाचे होते. ते म्हणता आले तर भिंत राहणार होती आणि भिंतीबरोबर चुनाही राहणार होता. न म्हणता आले तर तीस वर्षांची विद्या घमेल्यात भरून उकिरड्यावर नेऊन टाकावी, एवढेच त्याच्या हाती उरणार होते. रविवारची तिकिटे महिनाभर आधीच संपलेली होती. शनिवारी चारची ही दोन साडूने ओळखीने मिळवून दिली होती आणि गाडीने नेऊन पोहोचवण्याचे वचनही दिले होते.

साडू म्हणजे गवंड्याच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मळ्याच्या तळघरात वाइनची लाकडी पिंपे होती, त्यांचा तो मुकादम. स्वभावाने लाख मनुष्य. परंतु त्याच्यापाशी एक तोंड होते, आणि ते त्याच्या मळ्याविषयी उघडले की मिटविण्याची कळ देवाने बसविलीच नव्हती.

"साडूबुवा, हे बघा, प्रत्येक ओळीच्या टोकाला गुलाब. का लावलाय, सांगा पाहू?"

"शोभेला."

"शोभेला! अहो, रोग आला की आधी गुलाबाला लागतो. तो सुकला की आम्ही सावध. गुलाब म्हणजे आमचा पहारेकरी."

"छान," गवंडी म्हणाला. "किती वाजले?"

"मघाशी सांगितलं की, साडेदहा."

"मघाशी साडेदहा होते. आता किती वाजले?"

"अहो," मागून गवंड्याची बायको म्हणाली, "भाऊजी एवढ्या हौसेनं दाखवताहेत, जरा बघा तरी. चारला अजून खूप अवकाश आहे."

"त्यांना नका आवरू," तिची थोरली बहीण म्हणाली. तिला सगळे अक्का म्हणत. "माझ्या बाळंतपणात हे दवाखान्याच्या डॉक्टरला वेलींची छाटणी समजावत होते. मी आत ओरडतेय आणि बाहेर यांचं, दोन डोळे राखायचे, तिसरा उडवायचा."

सगळे हसले. गवंडीही हसला, पण त्याचे हसू ओठांवरच्या ओठांवर विरले. उतारावर वेलींच्या चाळीसएक ओळी होत्या आणि साडूला त्यांतील प्रत्येक ओळीविषयी काही ना काही सांगावयाचे होते. ही ओळ म्हातारी, हिला फळ कमी पण रस घट्ट. ही ओळ तरणी, हिचा नुसताच पसारा. जमीन दगडाळ, आणि ती तशीच हवी.

"वेलीला त्रास झाला पाहिजे, साडूबुवा. सुखात वाढलेल्या वेलीचं द्राक्ष पाणचट. त्रास झाला की गोडी येते."

"असं असेल तर आज संध्याकाळपर्यंत मी गूळच होतो," गवंडी म्हणाला.

"हा हा! बघ गं, तुझा नवरा बोलायला लागला!" साडू आनंदून म्हणाला आणि पुढच्या ओळीकडे वळला.

साडेबाराला मंडळी तळघरात उतरली. दगडी कमानींखाली पिंपे दोन्ही बाजूंस मांडून ठेवलेली होती, आणि थंडी अशी की बाहेरच्या उन्हाची आठवण दोन पायऱ्यांतच पुसली जावी. साडूने लांब काचेची नळी काढली, पहिल्या पिंपात बुडवली आणि चौघांच्या प्याल्यांत घोट घोट ओतले. गवंडी पीत नसे. त्याने प्याला नुसता हातात धरला.

"पिऊ नका, पण वास तर घ्या. काय वास येतो?"

"दारूचा."

"दारू म्हणू नका हो! कुणी ऐकलं तर माझी नोकरी जाईल." साडूने नाक प्याल्यात खुपसून डोळे मिटले. "सुकं अंजीर आहे. ओली पाटी आहे. आणि अगदी शेवटी, हळूच, चामडं."

"चामडं असेल तर कुणाची तरी चप्पल पडली असेल आत. बघा काढून."

अक्काने हसताना तोंडातला घोट सांडला. साडू मात्र रागावला नाही. त्याने घोट तोंडात घोळवला आणि बादलीत थुंकला. हा त्यांच्या धंद्याचा शिरस्ताच आहे: चाखावे आणि थुंकावे. मुकादमाने दिवसाकाठी तीस पिंपे चाखावयाची असतात. तो गिळू लागला तर संध्याकाळी त्यालाच पिंपाशेजारी आडवे मांडून ठेवावे लागेल.

"काळजी करू नका," साडू म्हणाला. "मला गाडी चालवायचीय हे माझ्या ध्यानात आहे. थेंब गिळणार नाही."

आणि आठ पिंपांपर्यंत त्याने शब्द पाळला. गवंडी त्याच्या गळ्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहत होता. नवव्या पिंपापाशी मात्र साडूचा चेहरा पालटला. नवव्यातील मिश्रण त्याने स्वतः जुळवले होते, मालकाचा विरोध पत्करून. आणि परवाच मालकाने ते चाखून मान डोलावली होती. साडूने घोट घेतला, घोळवला, वर कमानीकडे पाहिले, आणि त्याच्या गळ्याची घाटी स्पष्टपणे खाली गेली आणि वर आली.

"गिळलंत!" गवंडी ओरडला.

"हे नववं आहे," साडू अपराधी आवाजात म्हणाला. "नववं थुंकतं होय कुणी?"

"एक घोट गेला तर काय मोठंसं," बायको समजुतीने म्हणाली; परंतु तोवर दुसरा गेला होता, आणि अक्काने पाठ फिरवताच आनंदाच्या भरात प्यालाभर तिसरा. मग अक्का पुढे झाली, तिने नवऱ्याच्या खिशातून गाडीची किल्ली काढली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधून टाकली.

"आता बसनं जा तिघं. माझे गुडघे दुखताहेत, मी येत नाही."

"अगं, पण मी शुद्धीवर आहे!"

"म्हणूनच बसमध्ये बसवतेय. नसता तर हातगाडीवर घातलं असतं."

गवंड्याने कपाळाला हात लावला. तो गावात स्कूटर चालवीत असे. गाडीच्या सुकाणूला त्याने जन्मात हात लावला नव्हता. दीडची बस डोळ्यांदेखत धूळ उडवीत गेली. पुढची दोन चाळीसला होती. थांब्यावरच्या बाकावर तिघे एका ओळीत बसले, आणि त्या सबंध वेळात साडू नवव्या पिंपाविषयी बोलत राहिला. गवंडी मनातल्या मनात बैठकीपुढचे भाषण रचीत होता, आणि प्रत्येक वेळी 'मी स्वतः पाहिले' या वाक्यापाशी येऊन अडखळत होता, कारण ते वाक्य अद्याप खोटे होते.

बस आली तीही अशी की, रस्त्यात जेवढी म्हणून घरे होती तेवढ्यांची विचारपूस करीत निघाली. एका ठिकाणी चालकाने खाली उतरून कोणा म्हातारीला तिची पिशवी दारापर्यंत नेऊन दिली. बायको म्हणाली, "किती भला माणूस." गवंडी म्हणाला, "असला भलेपणा त्यानं रविवारी करावा." तीन पन्नासला ते शहरात उतरले.

"बारा मिनिटांचा रस्ता," साडू म्हणाला. "पण मी तुम्हाला आठात नेतो. मला आतली वाट ठाऊक आहे."

"आपण पाट्या बघून जाऊ. इथं सरळ पाटी आहे."

"पाट्या परक्यांसाठी असतात, साडूबुवा!"

आणि ते आतल्या वाटेने निघाले. गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंस उंच घरे, आणि प्रत्येक कोपऱ्यावर कोणी ना कोणी दगडाचा मनुष्य हात वर करून उभा. लोक थांबून थांबून त्यांच्याकडे पाहत होते आणि गवंडी त्या लोकांच्या मधून कोपरे मारीत पुढे जात होता. एका चौकात कारंजे होते, त्यावर दगडी मासा. पुढे दोन वळणे झाली, एक जिना झाला, एक बोळ झाला, आणि पुन्हा कारंजे आले.

"हा मासा आपण मघाशी पाहिला," बायको म्हणाली.

"मासे इथं पुष्कळ आहेत."

"नाक फुटलेला एकच असणार, भाऊजी."

तिसऱ्या वेळी मासा दिसला तेव्हा गवंड्याचा तोल सुटला. "हे बघा," तो म्हणाला, "तुमचं गुलाब ऐकलं, चामडं ऐकलं, नववं पिंप तर इतकं ऐकलं की ते माझ्या नात्यात आल्यासारखं झालंय. आता तुम्ही इथं माशापाशी बसा. मी पाट्या बघून जातो."

साडूचे तोंड एवढेसे झाले. पण वेळ समजूत काढण्याची नव्हती. गवंडी बायकोला घेऊन पाट्यांच्या मागे धावत सुटला आणि चार वाजून बारा मिनिटांनी त्या जुन्या भिंतीच्या दालनाच्या दाराशी पोहोचला. दारावर मिशाळ पहारेकरी होता. त्याने तिकिटे पाहिली, घड्याळ पाहिले, तिकिटे परत केली.

"चारची तुकडी आत गेली."

"बारा मिनिटंच झालीत हो."

"बाराच काय, दोन झाली असती तरी नाही. पंचवीस माणसं, पंधरा मिनिटं. माणसाच्या श्वासानं भिंतीला ओल धरते. आतल्या हवेचा हिशेब असतो."

"ओलीचं मला सांगता?" गवंडी म्हणाला. "आख्खं आयुष्य ओलीत गेलंय माझं!"

पण हे सर्व पालथ्या घड्यावर पाणी होते. तेव्हा बायकोने पायरीवर पदर सावरून बैठक मारली. ती एरवी फार बोलणारी नव्हे. "दादा," ती पहारेकऱ्याला म्हणाली, "यांनी तीन महिने नीट जेवण केलेलं नाही. एका भिंतीपायी. ती भिंत वाचेल की नाही ते तुमच्या या भिंतीवर आहे. मला उठवायचं असेल तर दोन माणसं बोलवा, मी वजनानं बरी आहे."

पहारेकऱ्याने मिशीवरून हात फिरवला. सव्वाचारची तुकडी, जी त्या दिवसाची शेवटची होती, ती एव्हाना जमली होती. त्याने डोकी मोजली. तेवीस भरली. दोन मिनिटे थांबून त्याने रस्त्याकडे पाहिले आणि मग हाताने नुसतीच खूण केली.

आत काळोख होता आणि समोरची सबंध भिंत दिव्यांनी उजळलेली. नदी उतरून जाणाऱ्या माणसांचे चित्र होते ते. डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायका, पाण्याला बुजणारी खेचरे, पोराला खांद्यावर घेतलेला एक बाप, आणि पैलतीरी पोहोचलेला म्हातारा, जो ओले पाय पुसत मागे पाहत होता. लोकांच्या तोंडून हुंकार निघाले. गवंडी मात्र हतबुद्ध झाला. त्याला सांधा कोठेच दिसेना. वर पाहिले, खाली पाहिले, डावीकडून उजवीकडे पाहिले. भिंत अशी एकसंध की जणू एकाच श्वासात ओतलेली.

एवढ्यासाठी का आलो, असे त्याच्या मनात आले. सोमवारी इंजिनिअर हसणार होता.

मग त्याची तीस वर्षांची विद्या जागी झाली. दिवे समोरून होते. समोरच्या उजेडात चुना आपले काहीच सांगत नाही. त्याला आडव्या उजेडात गाठावे लागते. उजव्या टोकाला एक उंच झरोका होता आणि त्यातून उतरत्या उन्हाची पट्टी भिंतीला घासून जात होती. गवंडी गर्दीतून सरकत तेथे गेला, भिंतीपुढे बांधलेल्या दोरीला पोट लावून वाकला आणि गाल भिंतीच्या जवळ नेऊन तिच्या अंगावरून तिरपे पाहू लागला. आणि त्याला सांधा दिसला! खेचराच्या पाठीवरून निघून, बापाच्या खांद्याला वळसा घालून, पोराच्या टाचेखालून तो पाण्यात उतरत होता. त्याच्या खाली दुसरा होता. पलीकडे तिसरा. चित्रकाराने माणसांच्या कडेकडेने आपले दिवस जोडीत नेले होते.

आता गिलावा करणाऱ्याचे खरे डोळे त्याच्या बोटांच्या पेरांत असतात. त्याला भिंत भेटली की तो तिच्यावर टिचकी मारतो. भरीव आवाज आला तर गिलाव्याने भिंत धरली आहे, पोकळ आला तर सोडली आहे. हे तो विचार करून करीत नाही, जसे आपण हात पुढे आलेला पाहून हात पुढे करतो तसे हे होते. गवंड्याचा हात दोरीपलीकडे गेला आणि त्याने सांध्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक आणि बरोबर सांध्यावर एक अशा तीन टिचक्या मारल्या.

टक, टक, टक. तिन्ही भरीव. चारशे वर्षांनी!

पुढच्या क्षणी छताशी घंटा कोकलू लागली. लोक ओरडले. पहारेकरी मिशीसकट धावत आला आणि त्याने गवंड्याची गचांडी धरली. "मी दया केली ना! माझीच चूक! माझीच चूक!" असे तो त्याला बाहेर नेता नेता स्वतःलाच बजावत होता.

कार्यालयाच्या खोलीत नवराबायकोला बाकावर बसविण्यात आले. भिंतीच्या डागडुजीचे काम पाहणाऱ्या बाई आधी विजेरी घेऊन आत गेल्या, बऱ्याच वेळाने परत आल्या. त्यांच्या बाह्यांवर चुन्याची पांढरी पूड होती. गवंड्याला ती पाहून नकळत धीर आला.

"पोपडा उडालेला नाही," त्या म्हणाल्या. "नशीब तुमचं. चारशे वर्षं ही भिंत टिकली ती तुमच्यासारख्यांनी हात लावला नाही म्हणून. काय सुचलं तुम्हाला?"

गवंड्याने मान खाली घालून सर्व सांगितले. वाचनालय, सांधा, तडा, इंजिनिअर, सोमवार. सांगता सांगता त्याची मान वर आली. "आणि मी डोळ्यांनी पाहिले, बाई. सांधे आहेत."

"आहेतच. त्रेसष्ट आहेत. मी मोजलेत."

"मग माझं खरं ठरलं की नाही?"

"काय खरं ठरलं?" बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "सांधा सगळ्याच भिंतींत असतो. असला म्हणून भिंत फुटत नाही आणि असला म्हणून टिकतही नाही. तुमची वाजते कशी ते सांगा."

गवंडी बाईंच्या बाहीवरच्या पांढऱ्या पुडीकडे पाहू लागला.

"अहो, सांगा ना त्यांना," बायको म्हणाली.

"ठोकली नाही."

"केव्हापासून?"

"तडा गेल्यापासून."

बाईंनी त्याच्याकडे पाहिले. "माझ्या भिंतीवर तीन टिचक्या," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि स्वतःच्या भिंतीवर एकसुद्धा नाही?"

बाईंनी त्याच्याकडून पुन्हा असे करणार नाही असे लिहून घेतले, खाली सही घेतली आणि दार उघडून दिले.

बाहेर पायरीवर बसून गवंड्याने धाकट्या भावाला फोन लावला. तो त्याच्याच हाताखाली काम करी आणि वाचनालयाला लागूनच राहत असे; सभागृहाची एक किल्ली त्याच्याकडे होती.

"दादा! पाहिलीस? सांधे आहेत?"

"आहेत. तू सभागृहात जा. फोन चालू ठेव आणि तडा आहे तिथं उभा राहा."

फोनमधून चपलांचा आवाज आला, कुलपाचा आला, मग मोठ्या रिकाम्या जागेचा घुमारा आला.

"उभा आहे."

"उजवीकडे ठोक. फोन भिंतीला लाव."

टक.

"आता डावीकडे."

ढब.

गवंड्याने डोळे मिटले. तो आवाज त्याला मधला सांधा जोडला त्या दिवसापासून ठाऊक होता; ऐकला मात्र आज. दुसऱ्या दिवसाचे काम सुरू होण्यापूर्वी कालची कड पाण्याने भिजवून, ओरखडून जिवंत करावी लागते. त्या सकाळी अध्यक्ष छायाचित्रकाराला घेऊन आले होते. थापी हातात धरून गवंडी तासभर निरनिराळ्या बाजूंनी उभा राहिला होता. एकदा हसून, एकदा न हसता. चुना तयार होता, ऊन चढले होते, आणि भिजविण्याचे राहून गेले ते गेलेच. त्याला ते तेव्हाही कळले होते. धरेल, असे त्याने स्वतःला सांगितले होते.

"दादा, पोकळ वाजतंय," भाऊ हळू आवाजात म्हणाला. मग घाईने म्हणाला, "पण हे कुणाला कळतंय? इंजिनिअर ठोकत नाही, नुसता बघतो. तू सांधे बघितलेस ना? तेवढंच सांग सोमवारी. खोटं थोडंच आहे?"

खोटे नव्हतेच. 'मी स्वतः पाहिले' हे वाक्य आता पूर्णपणे खरे झालेले होते, ते म्हणून दाखविले असते तर समितीने माना डोलावल्या असत्या. सबंध दिवसाची धावपळ त्या एका वाक्यासाठी झाली होती. आणि आता ते हातात आले तर त्याचा संताप संताप होत होता. साडूवर नव्हे, बसवर नव्हे, ज्याच्यावर होत होता त्याची गचांडी धरणे शक्य नव्हते.

बायको शेजारी बसून तिकिटाची घडी घालीत होती. तिने फोनमधले सगळे ऐकले होते. ती म्हणाली, "मी काही सांगत नाही. तुमची भिंत आहे."

समोरच्या गल्लीतून साडू आला. तो आता पुरता शुद्धीवर आला होता, आणि ओशाळलेलाही होता. "पोचलात का वेळेवर? पाहिली?" तो दुरूनच म्हणाला. "झालं गेलं विसरा, साडूबुवा. इथं कोपऱ्यावर माझ्या ओळखीच्या माणसाचं तळघर आहे. पाचच मिनिटं. आणि उद्या दुपारी मालकानं स्वतः तुम्हाला जेवायला—"

"उद्या पहिली बस कितीची?" गवंड्याने विचारले.

"पहिली? सहाची. का?"

"आम्ही सहाला निघतो."

साडूने मेव्हणीकडे पाहिले. तिने मान हलवली. तो निमूटपणे एक पायरी सोडून खाली बसला, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच काही बोलला नाही.

"ऐकतोयस ना?" गवंडी फोनमध्ये म्हणाला. "कोळसा घे. तड्यापासून डावीकडे ठोकत जा आणि जिथवर पोकळ वाजतं तिथवर रेघ मारत जा. जाड मार. दारातून दिसली पाहिजे."

"अरे दादा, पण समिती बघेल!"

"बघू दे. उजवीकडचं धरलेलं आहे, ते फोडू देणार नाही. डावं मी फोडीन, माझ्या हातानं. देतील पुन्हा चुना करायला तर देतील."

"आणि नाही दिला तर?"

"रेघ मार."

मग कोळसा भिंतीवर घासल्याचा आवाज येऊ लागला, मध्ये एक ढब, पुन्हा घासणे, पुन्हा एक ढब. गवंडी फोन कानाला घट्ट लावून ऐकत होता. पहारेकऱ्याने आतून दार लावून घेतले आणि अडसर सरकवला.

"दादा, खिडकीपर्यंत आलो," भाऊ म्हणाला. "अजून पोकळच आहे."

"पुढे जा," गवंडी म्हणाला.